मास्टेक्टॉमीनंतरचा सिलिकॉन फॉर्म आणि खिशाची ब्रा : दोन उन्हाळे वापरल्यानंतर

स्तनाच्या कर्करोगामुळे एका बाजूचा स्तन पूर्ण काढावा लागल्यानंतर (या शस्त्रक्रियेला ‘मास्टेक्टॉमी’ म्हणतात) बाहेरून लावायचा जो कृत्रिम स्तन बाजारात मिळतो, त्याचे आणि त्यासोबत घ्याव्या लागणाऱ्या ब्राचे हे परीक्षण आहे. दुकानात ही वस्तू ‘ब्रेस्ट फॉर्म’ किंवा ‘प्रोस्थेसिस’ म्हणून मागावी लागते. माझे मत आरंभीच सांगते. सिलिकॉनचा फॉर्म ही उत्तम वस्तू आहे आणि तिच्यावर केलेला खर्च मला वाया गेलेला वाटत नाही. परंतु ती अंगाला नीट बसेल की नाही हे फॉर्मच्या किमतीपेक्षा ब्राच्या खिशावर (कपच्या आत फॉर्म ठेवण्यासाठी तो असतो) आणि माप घेणाऱ्या बाईच्या हातावर अधिक अवलंबून असते. जाहिरातींत सगळा भर फॉर्मवर असतो आणि या दोन गोष्टींचा उल्लेखही नसतो, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

कंपन्यांची नावे मी मुद्दाम दिलेली नाहीत. एकाच कंपनीचा एकच आकार दोन बायकांना अगदी वेगळा बसतो, त्यामुळे माझ्या अनुभवावरून कोणी नाव पाहून खरेदी करावी असे मला वाटत नाही.

प्रथम शस्त्रक्रियेविषयी थोडे, कारण फॉर्मचा आकार तिच्यावर ठरतो. माझी ‘मॉडिफाइड रॅडिकल मास्टेक्टॉमी’ झाली. तीत स्तनाचा संपूर्ण भाग आणि काखेतल्या लसीका ग्रंथी काढतात, मात्र छातीचा मोठा स्नायू जागेवर ठेवतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत शल्यचिकित्सक विल्यम हॉलस्टेड यांनी रूढ केलेल्या शस्त्रक्रियेत हा स्नायूही काढला जाई, त्यामुळे छातीवर खोलगट भाग राही आणि हाताची हालचालही मोठ्या प्रमाणावर जाई. आता छाती सपाट राहते, पण काखेच्या बाजूला, जिथे स्तनाचा शेपटासारखा भाग असतो, तिथे पोकळी जाणवते. साडीवर किंवा कुडत्यावर पाहणाऱ्याच्या नजरेला समोरची सपाटी जितकी दिसते तितकीच ही काखेजवळची पोकळी दिसते. म्हणून फॉर्म घेताना केवळ समोरच्या उंचीकडे पाहून चालत नाही.

घाईही करू नये. ड्रेनच्या नळ्या निघाल्यानंतरही जखमेखाली पाणी साठू शकते आणि टाक्यांच्या ओळीवर कशाचाही दाब सोसत नाही. माझ्या शल्यचिकित्सकांनी सिलिकॉनला साधारण सहा ते आठ आठवड्यांनंतर परवानगी दिली. ज्यांना पुढे रेडिएशन घ्यायचे असते त्यांना त्वचा पूर्ववत होईपर्यंत आणखी थांबावे लागते. मधल्या काळासाठी हलका, कापसाचा किंवा विणलेला फॉर्म असतो. त्याच्याविषयी पुढे लिहिले आहे.

ग्लोबोकॅन या कर्करोगाच्या जागतिक आकडेवारीच्या २०२२च्या अंदाजाप्रमाणे भारतात एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना नव्याने स्तनाचा कर्करोग झाला. आपल्याकडे स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग हाच आहे. तरीही पुण्यासारख्या शहरात, जिथे तुळशीबागेत आणि लक्ष्मी रस्त्यावर आतल्या कपड्यांची दुकाने एकाला एक लागून आहेत, तिथे ही खिशाची ब्रा विचारल्यावर बहुतेक ठिकाणी विक्रेत्या मुली एकमेकींकडे पाहू लागतात. वस्तू मिळते ती रुग्णालयांच्या आसपासच्या सर्जिकल दुकानांत, कंबरेचे पट्टे, वॉकर आणि बेडपॅन यांच्या रांगेत. स्तनाचा कर्करोग झालेली बाई ही कपड्यांची ग्राहक राहत नाही, ती उपकरणांची ग्राहक होते. ही मांडणीच मला खटकली.

अशा एका दुकानात मी प्रथम गेले तेव्हा गल्ल्यावरच्या गृहस्थांनी, शेजारी गुडघ्याचा पट्टा घ्यायला आलेले दोघेजण उभे असताना, मोठ्या आवाजात “कोणती साइड? नंबर काय?” असे विचारले आणि उत्तराची वाट न पाहता मागच्या फळीवरून तीन खोकी काढून काउंटरवर उघडून ठेवली. घालून पाहायला जागा नव्हती. “घरी जाऊन बघा, पण सील तोडलं तर परत घेणार नाही,” असे वर सांगितले. गृहस्थ वाईट नव्हते, त्यांना घाई होती एवढेच. परंतु अंगाला लावून पाहिल्याशिवाय ही वस्तू विकणे म्हणजे नजर न तपासता चष्मा विकण्यासारखे आहे, आणि तसे विकणारे एकच दुकान नाही हे मला पुढे इतर बायकांकडूनही कळले. इंटरनेटवरून मागवण्याबाबतही माझे मत प्रतिकूल आहे ते याच कारणाने. तेथे ब्राच्या मापावरून फॉर्मचा नंबर सुचवणारा तक्ता असतो, तो अंदाजापुरता ठीक असतो. परंतु स्वच्छतेच्या कारणावरून बहुतेक विक्रेते उघडलेला फॉर्म परत घेत नाहीत.

ज्या दुकानातून मी अखेर खरेदी केली तेथे या कामाचे प्रशिक्षण घेतलेली एक मुलगी होती आणि मागे दार लावता येईल अशी खोली होती. फोन करून वेळ घेतली तेव्हाच तिने सांगितले, “काकू, येताना नेहमी घालता तो एक घट्ट ब्लाउज आणि एक सैल कुडता घेऊन या.” या एका वाक्याने मला दुकानाविषयी विश्वास वाटला. तिने आधी फॉर्म दाखवलाच नाही. छातीचा घेर टेपने मोजला, टाक्यांच्या ओळीला हात लावण्यापूर्वी विचारले, वण अजून लाल आहे का, तिथे बधिर वाटते की दुखते, हात किती वर जातो, हे सगळे पाहिले आणि मग दोन ब्रा काढल्या.

ब्राविषयी तिने जे दाखवले ते प्रत्येक बाईने स्वतः तपासून घ्यावे असे आहे. खिसा म्हणजे कपच्या आतून लावलेला मऊ, किंचित ताणणाऱ्या कापडाचा दुसरा थर. त्याचे तोंड काखेच्या बाजूला असते आणि त्यातून फॉर्म आत सरकवायचा असतो. तोंड फार मोठे असेल तर वाकल्यावर फॉर्म बाहेर डोकावतो, फार लहान असेल तर रोज घालताना-काढताना त्याची कड दुमडते. खालची पट्टी रुंद असावी, कारण वजन खांद्याने नव्हे तर पट्टीने पेलायचे असते. खांद्याचे पट्टेही रुंद हवेत. काखेतल्या ग्रंथी काढलेल्या बाजूला अरुंद पट्टा रुतणे बरे नाही, कारण त्या हाताला सूज येण्याचा धोका कायम राहतो. तारेची ब्रा सुरुवातीला घेऊच नये. मधला भाग आणि काखेजवळची कड साध्या ब्रापेक्षा उंच असली पाहिजे, नाहीतर पदर सरकला की फॉर्मची वरची कड दिसते. हुक पुढे असलेली ब्रा पहिले काही महिने फार सोयीची पडते. भिंतीवर बोटे चालवत हात वर नेण्याचा व्यायाम रोज करूनही माझा हात पाठीमागच्या हुकापर्यंत पोहोचायला बराच काळ गेला.

ब्रा पक्की झाल्यावर फॉर्मची पाळी आली. फॉर्म म्हणजे पातळ, चिवट आवरणात बंद केलेले सिलिकॉनचे जेल. आकार मुख्यतः तीन प्रकारचे मिळतात : दोन्ही बाजूंना चालणारा त्रिकोणी, थेंबासारखा, आणि काखेकडे शेपूट असलेला, जो डाव्या व उजव्या बाजूसाठी वेगवेगळा येतो. माझ्यासारख्या शस्त्रक्रियेनंतर शेपटाचा अधिक उपयोगी पडेल असे मला वाटत होते आणि तो कुडत्यात खरोखरच सुरेख बसला. पण ब्लाउजच्या बाहीच्या मुंढ्यात त्याचे टोक दाबले जाऊन हात खाली करताना टोचू लागले. त्रिकोणी त्या मानाने सुटसुटीत निघाला. मुलीने दोन्ही घालून मला आरशासमोर बाजूने उभे केले, दोन्ही हात वर करायला सांगितले आणि मग म्हणाली, “आता देवाला वाकून नमस्कार करता तशा वाका.” वाकल्यावर फॉर्म छातीपासून सुटून ब्रात लोंबला तर तो एक नंबर मोठा किंवा खिसा सैल, असे समजायचे. फॉर्मचा नंबर ब्राच्या नंबरपेक्षा वेगळा असतो, आणि तो दुसऱ्या स्तनाशी जुळवून पाहावा लागतो. या वयात आपला दुसरा स्तन खाली झुकलेला असतो, तेव्हा तरुण मुलीच्या छातीसारखा उभार फॉर्म घेतला तर दोन बाजू दोन उंचीवर दिसतात. हे सत्य तिने अत्यंत सहजपणे सांगितले आणि मी हसले.

वजनाविषयी स्वतंत्र लिहिले पाहिजे, कारण सर्वांत जास्त प्रश्न मला त्याबद्दल विचारले जातात. मध्यम आकाराचा पूर्ण वजनाचा फॉर्म अर्धा किलोच्या आसपास भरतो आणि हातात घेतल्यावर दचकायला होते. हलके फॉर्मही मिळतात, ते सुमारे पाव ते एकतृतीयांश कमी वजनाचे असतात आणि महाग असतात. हातात जड वाटणारी ही वस्तू योग्य ब्रात बसल्यावर तासाभरात विसरली जाते, असा माझा अनुभव आहे. वजन हा तिचा दोष नसून उपयोग आहे. एका बाजूला भार आणि दुसरीकडे काहीच नाही अशा अवस्थेत ब्रा रिकाम्या बाजूने वर चढते, आपण ती सारखी खाली ओढत राहतो आणि नकळत खांदा आवळून धरतो. माझ्या फिजिओथेरपिस्टने मान आणि खांद्याच्या दुखण्याचा संबंध या सवयीशी जोडून दाखवला होता. पूर्ण वजनाचा फॉर्म सुरू केल्यावर ती ओढाताण थांबली. ज्यांचे स्तन लहान आहेत, किंवा ज्यांच्या हातावर आधीच सूज आहे, त्यांनी मात्र हलक्याचाच विचार करावा.

आता उणिवा. पहिली आणि सर्वांत मोठी म्हणजे उकाडा. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी सिलिकॉनच्या मागे घाम साचतो, आणि वणाभोवतीची त्वचा बधिर असल्यामुळे तो पाझरून ब्राच्या पट्टीपर्यंत आला की मगच कळतो. फॉर्म रोज रात्री कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने धुऊन, टिपून, त्याच्या खोक्यातल्या साच्यात ठेवावा लागतो; तो कंटाळा आला तर घामोळे ठरलेले. फॉर्म आणि त्वचा यांच्यामध्ये मलमलीचा थर आला की पुष्कळ फरक पडतो. काही फॉर्म मागच्या बाजूने पोकळ किंवा खाचा असलेले येतात, हवा खेळावी म्हणून. पुण्यात त्यांचा उपयोग होतो, मुंबईच्या किंवा गोव्याच्या दमटपणात किती होईल याविषयी मी साशंक आहे. रत्नागिरीला गेले तेव्हा तर दुपारी फॉर्म काढून ठेवणेच मी पसंत केले.

दुसरी उणीव टोकदार वस्तूंची. आवरणाला टाचणी लागली तर जेल चिकट होऊन बाहेर येते आणि ती दुरुस्ती होत नाही. साडी नेसणाऱ्या बाईने पदराची पिन कुठे लावायची हे यामुळे नव्याने ठरवावे लागते : खांद्यावर, शिवणीवर, आणि छातीवर कधीही नाही. लग्नकार्यात कोणी प्रेमाने पुढे येऊन पदर सारखा करून पिन लावू लागते, तेव्हा तिचा हात धरावा लागतो.

सिलिकॉनची किंमत देशी फॉर्मपासून आयात केलेल्यापर्यंत कितीतरी पटींनी बदलते. मी पाहिले तेव्हा काही हजारांपासून दहा हजारांच्या पुढेपर्यंतचे दर होते. देशी फॉर्म मी हाताळले, त्यांतला एक मला बराच चांगला वाटला. फरक जाणवला तो कडेला : चांगल्या फॉर्मची कड झिरमिळीत पातळ होत त्वचेला टेकते, स्वस्त फॉर्मची जाड राहते आणि पातळ कापडातून तिची रेघ उमटते. सुती साडी नेसणाऱ्या, पदर दोन पदरी घेणाऱ्या बाईला ती रेघ दिसणारही नाही. ज्यांना परवडत नाही त्यांनी उगाच मन मारू नये, फॉर्मवर वाचवावे पण ब्रावर वाचवू नये.

विणलेल्या फॉर्मचा उल्लेख केल्याशिवाय हे परीक्षण अपुरे राहील. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या बार्बरा डेमोरेस्ट यांच्यावर २०११ साली मास्टेक्टॉमी झाली, त्यानंतर त्यांनी स्वयंसेवकांकडून सुती धाग्याचे स्तन विणून घेऊन ते मोफत देण्याचे ‘निटेड नॉकर्स’ नावाचे काम उभे केले. आपल्याकडे मुंबईतली साईशा इंडिया फाउंडेशन ही संस्था त्याच धर्तीवर क्रोशाने विणलेले फॉर्म मोफत देते. क्रोशाचा असा फॉर्म मी पहिल्या महिन्यांत वापरला आणि आजही घरात वापरते. तो मऊ असतो, आत कृत्रिम कापूस भरलेला असतो आणि मागच्या बाजूने सैल करून कापूस कमी-अधिक करता येतो, म्हणजे नंबरची भानगडच नाही. टाक्यांवर तो टोचला नाही, उन्हाळ्यात तो तापला नाही. त्याला वजन नसल्यामुळे ब्रा वर चढते हा त्याचा दोष. बाहेर जाताना मी तो वापरत नाही. श्रावणात धुतलेला फॉर्म आतून वाळायला दोन दिवस घेतो, तेव्हा दुसरा जवळ असावा. केमोच्या वेळी वॉर्डात भेटलेल्या सोलापूरकडच्या एका बाईंनी मोहरीची पुरचुंडी शिवून ब्रात ठेवली होती आणि ती त्यांना कोणत्याही दुकानी वस्तूपेक्षा प्रिय होती. वजनाचा प्रश्न त्यांनी कोणाला न विचारता, काही न वाचता सोडवला होता.

शिवणकामाचा भाग दुकानात कोणी सांगत नाही, आणि साडी नेसणाऱ्या बाईसाठी तो तितकाच महत्त्वाचा आहे. कटोरी ब्लाउजमध्ये कटोरीचा मध्यबिंदू दोन्ही बाजूंना सारख्या जागी यावा लागतो. फॉर्मचा मध्यबिंदू ठरलेला असतो, आपल्या दुसऱ्या बाजूचा ब्राच्या पट्ट्याप्रमाणे वर-खाली होतो, त्यामुळे जुन्या मापाच्या कटोरीत एका बाजूला चूण पडते. माझे ब्लाउज अनेक वर्षे शिवणाऱ्या बाईंनी (मी शाळेत शिक्षिका आहे, त्या मला ‘बाई’ म्हणतात आणि मी त्यांना ‘ताई’) माप घेताना फॉर्म घालूनच यायला सांगितले, कटोरी सोडून प्रिन्सेस कट सुचवला, गळा अर्धा इंच वर घेतला आणि काखेकडचा मुंढा किंचित सैल ठेवला, जेणेकरून त्या हाताला करकचून बसू नये. अस्तराच्या आत त्यांनी मलमलीचा खिसा शिवला, तोंड काखेकडे आणि त्याला एक टिचबटण. “बाई, घरातल्या घरात ब्रा नको वाटली तर नुसता ब्लाउज घाला, विणलेलं त्यात ठेवा,” असे त्या म्हणाल्या. आयात केलेल्या सामानात अशी सोय मी पाहिलेली नाही. दर ब्लाउजमागे त्यांनी शिलाईवर घेतलेले जादा पैसे एका रिक्षाभाड्याइतके होते.

स्तनाची पुनर्रचना करून घेणाऱ्या आणि काहीही न लावता सपाट छातीने वावरणाऱ्या बायकाही माझ्या परिचयात आहेत. दोन्ही निर्णय तितकेच योग्य आहेत, ते या परीक्षणाच्या कक्षेबाहेर आहेत एवढेच. माझ्यापुरते सांगायचे तर घरी गाऊनमध्ये मी बहुतेक वेळा काहीच लावत नाही. फॉर्म मला हवा असतो तो वर्गात उभे राहताना, बसने जाताना, आणि सर्वांत जास्त, ब्लाउज अंगावर सरळ बसावा म्हणून.

पैशांच्या बाजूविषयी दोन गोष्टी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि रेडिएशन यांचा समावेश आहे, पण रुग्णालयातून घरी आल्यानंतर घेतलेला फॉर्म त्यात धरला जाईल असे गृहीत धरू नये. आपल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे या योजनेसाठी नेमलेल्या मदतनिसाला, आधी विचारावे. माझ्या खासगी विमा कंपनीने फॉर्म आणि ब्रा या दोन्हींची बिले नाकारली आणि कारण म्हणून ‘उपचाराशी थेट संबंधित नाही’ असे लिहिले. ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवा हा फॉर्म मोफत देते आणि अमेरिकेत १९९८च्या कायद्याने मास्टेक्टॉमीचा खर्च देणाऱ्या विमा योजनांना प्रोस्थेसिसचा खर्चही द्यावा लागतो, हे वाचल्यापासून त्या वाक्याचा राग थोडा वाढलाच आहे. तक्रार मी केलेली आहे.

फॉर्म साधारण दोन वर्षांनी बदलावा असे सांगतात. माझ्या फॉर्मचे आवरण शाबूत आहे, पण हार्मोनच्या गोळ्या सुरू झाल्यापासून माझे वजन वाढले आणि दुसरी बाजू मोठी झाली, त्यामुळे मुदतीआधीच एक नंबर मोठा घ्यावा लागणार आहे. ब्रा दर सहा-आठ महिन्यांनी बदलतेच, कारण खिशाचे कापड सैल पडते. खरेदी करताना बिलावर फॉर्मचा आकार, नंबर आणि तारीख लिहून घ्यावी आणि हमी कशाची आहे ते स्पष्ट विचारावे : बहुधा ती आवरणाचा सांधा सुटण्याची किंवा कारखान्यातल्या दोषाची असते, टाचणीच्या भोकाची नसते. साच्याचे खोके टाकू नये. प्रवासात फॉर्म दुमडून पिशवीत टाकला तर त्याला कायमची घडी पडते.